टीम हरेल त्या दिवशी

जिंकत सुटलेली टीम मला बघवत नाही. शारज्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये नातू टीव्हीसमोर फतकल मारून फुटबॉल बघत असतो, आणि त्याची टीम ओळीने चारपाच मॅच जिंकली की मला तिथे बसवत नाही. मी उठून बाल्कनीत जाऊन बसतो. परवा त्याने विचारलंच, "ग्रँडपा, व्हाय डू यू ऑल्वेज लीव्ह व्हेन वी आर विनिंग?" मी मराठीत सांगायला सुरुवात केली, तर साहेबांनी मान डोलावली आणि डोळे परत टीव्हीला लावले. मरू दे. गाढवापुढे वाचली गीता. म्हणून इथे लिहून ठेवतो.

तेव्हा अमिराती हे नावसुद्धा नव्हतं. साठचं दशक, इंग्रजांचा वट, बाजारात रुपये चालायचे आणि गोडं पाणी गाढवावरून डब्यांतून दारात यायचं. मोठ्या बोटी दुबईच्या बाहेर समुद्रात नांगर टाकायच्या, माल बार्जवर, म्हणजे सपाट होड्यांवर, उतरवायचा आणि बार्ज खाडीत आणायचे. मी मॅट्रिक होतो, म्हणून एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात क्लार्क लागलो होतो. राहायला खाडीकाठच्या देऱ्याच्या वस्तीत आमच्या गावाची खोली. आम्हा कोकणी मुसलमानांची ही जुनी रीत. मुंबई असो की आखात, गावाच्या नावाने एक खोली घ्यायची, आणि गावातून जो येईल त्याने तिथे वळकटी टाकायची. स्वयंपाकाची पाळी ठरलेली, नमाजची वेळ ठरलेली, भांडणाची वेळ मात्र ठरलेली नसायची.

खोलीचा कारभारी चाचा. सख्खा कोणाचाच नाही, पण चाचा सगळ्यांचा. जन्मभर बोटींवर सारंग होता, खलाशांच्या टोळ्या हाकण्यात हाडं झिजवलेली, त्यामुळे आम्हालाही तो डेकवरच्या माणसांसारखाच हाकायचा. गावाकडून येणारं टपाल त्याच्या हाती. येणारा जाणारा आधी त्याला भेटायचा. बरी बातमी असली तर चाचा ती ताबडतोब सांगायचा. वाईट असली तर दाबून ठेवायचा, माणूस जेवला का, झोपला का, कामावर काय आहे हे बघायचा, आणि मग एके दिवशी खांद्यावर हात ठेवून सांगायचा. सगळ्या गावांच्या खोल्यांत असंच चालायचं. त्याला कोणी खोटं म्हणत नसे. शहाणपण म्हणत.

आणि त्याच खोलीत माझे भावोजी होते. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी बहिणीला आपा म्हणायचो.

भावोजी आता बोटींवरचा माल उचलून बार्जवर उतरवणारा विंच चालवायचे, पण आधी मालवाहू बोटीवर खलाशी होते. त्यांची बोट एकदा काळ्या समुद्रावरच्या एका रशियन बंदरात इंजिन बिघडून दोन महिने पडून राहिली. तिथले गोदीकामगार दक्षिणेकडच्या एका डोंगराळ शहराच्या फुटबॉल क्लबमागे वेडे होते. त्यांनी ह्या लुंगीवाल्या कोकण्याला ट्रकमध्ये घालून मॅचला नेलं, खांद्यावर घेतलं, द्राक्षांची पेटी दिली आणि क्लबचा निळा बिल्ला छातीवर लावला. बस्, संपलं. माणूस कामातून गेला. तिथली भाषा येत नाही, लोकांची नावं उच्चारता येत नाहीत, पण "आपली टीम" म्हणजे ती. बिल्ला ते बनियनला आतून लावायचे. मी चिडवायचो, "भावोजी, रत्नागिरीत एवढ्या टीम आहेत, त्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?" ते म्हणायचे, "मेव्हण्या, रत्नागिरीच्या टीमने मला कधी खांद्यावर घेतलं नाही रे."

ती टीम त्या देशाच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये खेळायची. चांगली होती, पण कप नेहमी मॉस्कोच्या टीमच नेणार हे ठरलेलं. माझ्याकडे एक ट्रान्झिस्टर होता. गच्चीवर तार ताणली आणि संध्याकाळच्या मगरिबच्या नमाजनंतर सुई नीट धरली की मॉस्कोच्या इंग्रजी बातम्या लागायच्या, शेवटी खेळाचे निकाल. आवाज हळू ठेवावा लागायचा. इंग्रजांच्या राज्यात मॉस्को ऐकतो हे ऑफिसात कळलं असतं तर माझी मुंबईला रवानगी होती. तर मी ट्रान्झिस्टरला कान लावून बसायचो, भावोजी माझ्याजवळ, आणि मी मराठीत सांगायचो. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण टीमचं नाव, आकडे, विन, लॉस, ड्रॉ एवढं बोटीवर राहून पक्कं झालं होतं. त्यामुळे त्यांना थाप मारायची सोय नव्हती. हे पुढे मला फार बोचलं.

आता आपाचं सांगतो. आपाची दोन बाळं गेली होती. पहिलं जन्मताच गेलं. तेव्हा भावोजी नुकतेच दुबईला आले होते, आणि ऑफिसच्या एका दीडशहाण्याने तार थेट बार्जवर नेऊन त्यांच्या हातात दिली. भावोजींनी ती दुसऱ्याकडून वाचून घेतली, घडी केली, खिशात ठेवली आणि बार्जच्या कडेवरून सरळ पाण्यात पाऊल टाकलं. पट्टीचा पोहणारा माणूस, पण हातपाय हलवले नाहीत. दोघा बलुच्यांनी उडी मारून बाहेर काढलं. दुसरं बाळ गेलं तेव्हा चाचाने बातमी दाबली, शुक्रवारची, जुम्म्याची सुट्टी गाठली, पोटभर जेवू घातलं आणि मग सांगितलं. तेव्हा भावोजी रडले, दोन दिवस पडून राहिले आणि उठून कामाला गेले. चाचाला त्यातून जो धडा मिळाला तो त्याने कायमचा धरला.

त्या वर्षी भावोजी गावी सुट्टी काढून परतले आणि आपाला तिसऱ्यांदा दिवस गेले. पाऊस संपता संपता बाळंत व्हायची होती. भावोजींची पुढची सुट्टी एकदम पुढच्या वर्षी, तोवर इथून काही करता येण्यासारखं नव्हतं. आणि कधी, कसं ते मला सांगता यायचं नाही, पण ह्या माणसाने टीमवर फाल काढायला सुरुवात केली. आमच्याकडे बायका तांदळाच्या दाण्यांवर फाल काढतात, मूल होईल का, बोट सुखरूप येईल का. भावोजींनी फुटबॉलच्या निकालावर काढली. टीम जिंकली तर घरी सगळं ठीक. बरोबरी झाली तर तब्येत जरा नरम.

मी हसलो होतो, खोटं का बोला. अख्खी खोली हसली. पण वसंताच्या सुमाराला टीम एक मॅच हरली, आणि त्याच आठवड्यात गावाहून आलेल्या माणसाने सांगितलं की आपा विहिरीवर घसरून पडली, पोटातलं वाचलं म्हणून नशीब. त्यानंतर कोणी हसलं नाही. खोलीतली माणसं कामावरून आली की हातपाय धुवायच्या आधी मला विचारायची, "आज मॅच आहे का रे?" ज्यांना फुटबॉल चौकोनी की गोल ते ठाऊक नव्हतं अशी ती माणसं. एकटा चाचा म्हणायचा, "हे बरं नव्हे. अल्लाच्या कामात लाथाळी कशाला आणता?" पण मगरिबनंतर तोही तसबीची माळ घेऊन आमच्याच बाजूला बसायचा, आणि निकाल ऐकला की त्याची बोटं पुन्हा चालू व्हायची.

उन्हाळा पडला. त्या उन्हाळ्याचं काय सांगू. आता तुम्ही एसीतून एसीत जाता. तेव्हा अंगावरची चादर पाण्यात बुडवून पांघरायची आणि ती वाळली की परत उठायचं. खाडीवरची हवा नुसती चिकटून राहायची. आणि टीम जिंकत होती. एका मॅचमागून दुसरी. मध्ये कधी बरोबरी, की पुन्हा जिंकली. मॉस्कोच्या एका मोठ्या टीमला तिच्याच मैदानावर हरवलं तेव्हा भावोजींनी सबंध खोलीला चहा पाजला. मला तेव्हापासून बरं वाटेनासं झालं. आमची आई म्हणायची, फार हसू नये, मागून रडू येतं. मी भावोजींना म्हटलंही, "एखादी हरू दे आता. दृष्ट लागेल." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जीभ चावली. हरू दे म्हणजे काय म्हणत होतो मी? माझ्याच बहिणीचं वाईट होऊ दे.

ऑक्टोबरात, ऑफिसात बसलो असताना चाचाचा निरोप आला, खाडीवर ये. मी गेलो. चाचा उलट्या करून ठेवलेल्या एका होडीच्या सावलीत बसला होता. शेजारी आमच्या पलीकडच्या गावचा एक माणूस, सकाळीच मुंबईच्या स्टीमरने उतरलेला, ट्रंक अजून पायाशी. चाचाने मला बस म्हटलं. मी बसलो नाही. चाचा म्हणाला, "पोरगी झाली. पोरगी चांगली आहे, दूध पिते." आपाचं त्याने काही काढलं नाही, आणि मला कळलं.

आपा बाळंतपणातच गेली होती. रक्त थांबलं नाही. दापोलीहून डॉक्टर आणायला गाडी गेली, ती येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. तो माणूस सांगत होता आणि मी त्याच्या ट्रंकेचं कुलूप बघत होतो. आपाने मला शाळेत पोचवलं होतं. मला मार बसू नये म्हणून स्वतःच्या अंगावर घेतलेल्या छड्या मला आठवत होत्या. मी रडायला लागलो तेव्हा चाचाने माझं मनगट धरलं. "रड. इथेच रडून घे. खोलीत नाही."

मी म्हटलं, "आज सांगू त्यांना."

"नाही."

"चाचा, बायको आहे त्यांची."

"म्हणूनच," चाचा म्हणाला. "विंचवर काम करतो तो. खाली बोटीच्या गोदामात वीस माणसं असतात. हात सुटला एकदा तर? आणि पाण्यात पाय टाकला तर? मागच्या वेळी दोन बलुची होते. दर वेळी असतात?" मग म्हणाला, "टीम हरेल त्या दिवशी सांगू. त्या दिवशी तो स्वतःच अर्धा तयार असतो. मग आपण फक्त उरलेलं सांगायचं."

ऐकायला वेडेपणा वाटतो ना? मला त्या वेळी तो शहाणपणा वाटला. निदान अर्धा. टीम काय, आज ना उद्या हरणारच. बारा महिने कोण जिंकतं? मी मान हलवली. त्या संध्याकाळी खोलीतल्या प्रत्येकाला बाजूला घेऊन सांगण्यात आलं, आणि अळीमिळी गुपचिळी झाली. भावोजी आले, बिल्ला चाचपला, म्हणाले, "मेव्हण्या, डोळे का लाल?" मी म्हटलं, वारा होता, वाळू गेली.

मग तो जुम्मा आला. आमच्यात मय्यत समोर नसली, दूर देशी असली, तरी तिच्या जनाज्याची नमाज करता येते. गायबची नमाज म्हणतात. चाचाने मशिदीत इमामाला सांगून ठेवलं होतं की जुम्म्यानंतर आमच्या गावची एक नमाज आहे. भावोजींना त्या दिवशी बोटीवर ड्यूटी होती, ते येणार नव्हते. आम्ही ओळीने सफ लावून उभे राहिलो. इमामाने सांगितलं, मय्यत बाई आहे. इतक्यात माझ्या डाव्या बाजूला कोणीतरी घाईघाईने येऊन उभं राहिलं. नमाजआधी हातपाय धुतलेलं वजूचं पाणी अजून अंगावर. मी बघितलं तर भावोजी. बोट उशिरा लागणार म्हणून त्यांना सोडलं होतं.

त्यांनी हळूच विचारलं, "कोणाची रे?"

 मी म्हटलं, "गावची एक बाई."

"अल्ला रहम करो," ते म्हणाले, आणि त्यांनी हात कानाशी नेले.

जनाज्याच्या नमाजमध्ये वाकणं नाही, सजदा नाही, फक्त उभं राहायचं. त्यामुळे त्यांचा खांदा सबंध वेळ माझ्या खांद्याला लागून होता. माझं अंग थरथरत होतं. त्यांना वाटलं मला ताप आहे. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि बाजारातून माझ्यासाठी लिंबं घेतली. मी ती लिंबं हातात धरून खोलीपर्यंत आलो.

त्यानंतर आम्ही सगळे टीम हरायची वाट बघू लागलो. आधी जी खोली जिंकण्यासाठी श्वास रोखून बसायची, तीच आता हरण्यासाठी बसायची, आणि मधोमध तो एकटा माणूस जिंकण्यासाठी. प्रत्येक नमाजनंतर मी दुवा मागायचो की अल्ला, त्या लोकांना एकदा हरव. माझं त्यांच्याशी काही वैर नव्हतं. त्यांनी माझ्या माणसाला खांद्यावर घेतलं होतं. तरी मागायचो.

ती काही हरली नाही. पुढची मॅच जिंकली. भावोजींनी देऱ्याच्या बाजारातून तान्ह्या बाळाचं झबलं आणलं, पांढरं, कडेला पिवळी वेलबुट्टी. "मुलगा असो की मुलगी, चालेल," म्हणाले आणि सगळ्यांना हातात देऊन दाखवलं. माणसं ते घेत होती, बघत होती, पुढे देत होती. चाचाने घडी घालून परत दिलं. मग ते विचारायचे, "चाचा, टपाल नाही आलं? तारीख तर उलटून गेली." चाचा म्हणायचा, "येईल. इन्शाल्ला." मला त्या इन्शाल्लाचा राग यायला लागला. एका दुपारी मी चाचाला गाठून म्हटलं, "बस झालं. मी सांगणार." चाचा म्हणाला, "कसा सांगशील? काल टीम जिंकलीय. त्याला खरं वाटायचं नाही. तो तुला वेडा ठरवील." आणि हे खरंच होतं. आपण जी गाठ हसत हसत मारू दिली, ती आता सुटत नव्हती. भावोजी विंचवर उभे राहून शीळ घालतात असं बार्जवरचे लोक सांगायचे. असा कामगार नाही म्हणायचे.

सीझन संपला तेव्हा भावोजींची टीम आणि मॉस्कोची एक टीम, दोघांचे गुण सारखे. कप कोणाचा हे ठरवायला जास्तीची एक मॅच ठेवली, तिसऱ्याच शहरात, दोघांनाही लांब पडेल अशा ठिकाणी. त्या दिवशी चाचा मला म्हणाला, "आज काही का होईना, आज सांगायचं. ह्याच्यापुढे मॅच नाही."

संध्याकाळी सगळे लवकर आले. नमाज झाली. भावोजी माझ्याजवळ मांडी ठोकून बसले. हातात रुमालाने झाकलेलं एक ताट होतं, ते त्यांनी मागे सरकवून ठेवलं. बातम्या चालू झाल्या, खरखर चालू झाली. मी सुई धरून होतो, चाचा तसबी धरून होता. शेवटी खेळ आले. मी एकेक वाक्य ऐकून सांगू लागलो.

"पहिला गोल मॉस्कोच्या टीमने मारला," मी म्हटलं.

भावोजींचा चेहरा पडला. आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. अल्लाची शपथ, असं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. भावोजींचा हात बनियनच्या आत बिल्ल्यावर गेला. चाचाने माझ्याकडे बघून मान हलवली, की झालं, आता मी बोलतो. तेवढ्यात पुढचं वाक्य आलं. शेवटी शेवटी बरोबरी झाली होती. मग जादा वेळ. मग मी सांगायचा थांबलो, कारण बातम्या देणाऱ्या बाईने एकामागून एक तीन गोल सांगितले आणि तिन्ही आपल्या टीमचे. मला सांगायची गरज उरली नव्हती. टीमचं नाव आणि "चॅम्पियन" हे भावोजींनी स्वतःच ऐकलं.

ते नाचले नाहीत, ओरडले नाहीत. डोळे मिटून बसले, ओठ हलत होते. मग म्हणाले, "सुटली रे. तुझी बहीण सुटली."

त्यांनी ताट पुढे ओढलं, रुमाल काढला. मस्कती हलवा होता, तुपाने चकाकणारा, वर बदाम. बाळाच्या बातमीसाठी आणि कपासाठी, दोन्हीसाठी एकच घेतला म्हणाले. प्रत्येकाच्या तळहातावर त्यांनी आपल्या हाताने एकेक तुकडा ठेवला. पहिला चाचाला. मग मला. मग ओळीने सगळ्यांना. शेवटी स्वतः घेतला आणि तोंडाशी नेला.

आमच्याकडे ज्या घरात मय्यत झाली त्या घरात चाळीसाव्यापर्यंत गोड करत नाहीत, आणि गावच्या खोलीचं घर म्हणजे सबंध खोली. आपाचा चाळीसावा अजून व्हायचा होता. कोणी ठरवलं नव्हतं, कोणी खूण केली नव्हती. पण एकाही माणसाचा हात तोंडाकडे गेला नाही. सगळे हलवा तळहातावर घेऊन बसून राहिले. हाताच्या उष्णतेने तूप सुटून बोटांतून ओघळत होतं.

भावोजींनी आपला तुकडा तोंडापासून खाली आणला. एकेकाच्या हाताकडे बघत गेले. चाचाच्या हाताशी थोडे थांबले. मग माझ्या.

"कोण?" त्यांनी विचारलं.

चाचाने सांगायचं ठरलं होतं. चाचाने तोंड उघडलं आणि त्याला बोलता येईना. मागे वादळात बोटी सांभाळलेला माणूस तो. म्हणून मीच म्हटलं, "बाळ आहे. मुलगी आहे, भावोजी. आमच्या आईकडे आहे, दूध पिते, चांगली आहे."

ते थांबले. मी आणखी काही सांगतो का म्हणून थांबले. मी काही सांगितलं नाही.

"कधी?"

"पाच आठवडे होऊन गेले असतील."

ते मागे मागे मोजत गेले असावेत, कारण ते एकदम म्हणाले, "म्हणजे झबलं आणलं तेव्हा?"

"हो."

"त्याच्या आधीचा जुम्मा," ते म्हणाले. "तू थरथरत होतास. मी तुला विचारलं होतं, कोणाची."

मी रडत होतो. मला आपाचं रडू आलं होतं, त्यांचं आलं होतं, चाचाचा इतका राग आला होता की त्याच्या हातातला हलवा उडवून द्यावासा वाटला. आम्ही त्यांना वाचवत होतो म्हणे. आम्ही त्यांना बायकोच्या जनाज्याला उभं केलं आणि सांगितलं नाही की ती कोणाची.

चाचा उठून दाराशी जाऊन उभा राहिला, ते खाडीकडे धावले तर अडवायला. भावोजी उठले. पण ते दाराकडे गेले नाहीत. हातातला तुकडा त्यांनी ताटात ठेवला, बिल्ला काढून त्याच्या शेजारी ठेवला, आणि कोपऱ्यातल्या मडक्याकडे जाऊन वजू करायला बसले. एवढं सावकाश वजू करताना मी माणूस बघितला नाही. मग चटई अंथरून पुढे उभे राहिले. आम्ही भराभर हात धुऊन त्यांच्या मागे सफ लावली. चाचा दारातून आला आणि शेवटच्या टोकाला उभा राहिला.

नियत करताना आमच्याकडे मोठ्याने म्हणतात, कोणासाठी नमाज आहे ते. भावोजी म्हणाले, "त्या दिवशी गावच्या बाईची केली. आज तिची करतो."

आमच्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही. दहा वर्षांच्या संसारात त्यांच्या तोंडी ती कायम तुझी बहीण, नाहीतर घरची माणसं. खोलीतल्या कित्येकांना तर आपाचं नाव ठाऊकच नव्हतं. भावोजींनी हात कानाशी नेले आणि तिचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, सगळ्यांना ऐकू जाईल असं.